प्रेमाला सवड लागते

अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्या माणसाला आपल्या कायद्याने जे नाव दिले, ते बायबलमधले आहे: 'गुड समॅरिटन'. अशा माणसाला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये बंधनकारक केली आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम आले. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर आता नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचे की नाही, हेही त्याच्याच मर्जीवर आहे. पोलिसांचा ससेमिरा नको, ही सबब कायद्याने काढून घेतली. तरीही रस्त्यात कोणी पडले की मोबाइल आधी वर होतात आणि हात मागाहून पुढे येतात. मग आपल्याला अडवते ते नेमके काय?

येशूने सांगितलेली शोमरोन्याची, म्हणजेच समॅरिटनची, गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकले. याजक आला, मंदिराच्या सेवेतला लेवी आला. दोघेही बगल देऊन निघून गेले. थांबला तो यहुद्यांना परका वाटणारा शोमरोनी. त्याने काय काय केले, याचा तपशील मोठा बोलका आहे. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, जखमीला स्वतःच्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेऊन रात्रभर सांभाळले. दुसऱ्या दिवशी मालकाच्या हाती दोन दिनार ठेवले आणि वर लागेल ते परत येताना देईन असे सांगून तो मार्गाला लागला. त्याला कळवळा आला, एवढे सांगून गोष्ट थांबत नाही; पुढे वेळेचा आणि पैशांचा हिशेब येतो. ख्रिस्ती शिकवणीतले प्रेम मोजायचे ते या हिशेबाने.

माणूस कशामुळे थांबत नाही, याचा एक पुरावा अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेत मिळाला. डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 40 विद्यार्थ्यांना छोटे भाषण करायला शेजारच्या इमारतीत धाडले होते. वाटेत दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत कोसळलेला. उशीर झालाय असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी 10 टक्के मदतीला थांबले. ज्यांच्या हाताशी वेळ होता त्यांच्यापैकी 63 टक्के. काहींच्या भाषणाचा विषय खुद्द हीच गोष्ट होती, पण त्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. प्रयोग छोटा होता आणि त्यावरून साऱ्या मानवजातीचा निकाल लावू नये. पण स्वार्थ म्हणजे दुष्टपणाच असतो, या समजुतीला तो धक्का देतो. आपला बराचसा स्वार्थ घाईचा असतो. स्वतःचे काम तेवढे तातडीचे आणि दुसऱ्याचे दुखणे तेवढे आड येणारे, असे घाईत वाटू लागते.

दोष परिस्थितीचा असेल तर प्रेमाचा उपदेश हवाच कशाला, असे कोणी विचारेल. पण कोरा उपदेश या परंपरेनेही केलेला नाही. शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करावे ही आज्ञा येशूने जुन्या करारातून उचलली. ती लेवीय पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात आहे, आणि त्याच अध्यायात शेतकऱ्याला सांगितले आहे की पीक बांधापर्यंत कापू नये, सांडलेली कणसे वेचू नयेत. ती गरिबाची आणि परक्याची. दयेची लहर येण्याची वाट तिथे पाहिलेली नाही. दुसऱ्याचा वाटा कापणीआधीच ठरलेला आहे. स्वार्थावर उपाय हाच. आठवड्यातले काही तास, मिळकतीतला काही भाग आधीच बाजूला काढला, तर ऐनवेळी मनाशी झगडावे लागत नाही. अशाने माणूस स्वतःचे सगळे गमावून बसेल, ही भीतीही फोल आहे. शेत मालकाचेच राहते, आणि शोमरोनीही दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला गेलाच.

सर्वांत कठीण आक्षेप महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे: ख्रिस्ती सेवेमागे धर्मांतराचा हेतू असतो. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या संस्थेवरून 1893 मध्ये हाच वाद पेटला आणि रानडे, भांडारकरांसारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी निराधार मुली केडगावला आणून सांभाळल्या, हेही तितकेच खरे; एकाने दुसरे पुसले जात नाही. पण कसोटी गोष्टीतच दिलेली आहे. शोमरोन्याने जखमीला ना धर्म विचारला, ना मदतीच्या बदल्यात काही मागितले. परतफेडीच्या अपेक्षेने केलेली सेवा, मग ती मिशनऱ्याची असो, पुढाऱ्याची असो की नातलगाची, या कसोटीला उतरत नाही. तो लांबणीवर टाकलेला स्वार्थच.

करुणा ही काही ख्रिस्ती धर्माची मक्तेदारी नाही. या गोष्टीचे वेगळेपण आहे ते येशूने प्रश्न फिरवण्यात. माझा शेजारी कोण, असे विचारणाऱ्या शास्त्र्याला आपल्या कर्तव्याची हद्द ठरवून हवी होती. येशूने त्यालाच विचारले की जखमीचा शेजारी कोण झाला. पहिल्या प्रश्नात समोरच्याची लायकी तपासायची असते, दुसऱ्यात स्वतःची. कायदा भीती काढू शकतो, सरकार बक्षीसही देऊ शकते. पण दिवसाचा सगळा वेळ स्वतःसाठीच कापून घेणाऱ्याला थांबवण्याची ताकद कोणत्याच कलमात नाही. ते ज्याचे त्यानेच आणि आधीच ठरवायचे असते.