प्रवेश परीक्षा आणि मार्गदर्शनाची मक्तेदारी

२०२४ सालच्या प्रवेशाच्या हंगामात महाराष्ट्रात एक विलक्षण प्रकार घडला. बीबीए, बीसीए, बीएमएस हे पदवी अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले आणि राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाने त्यांच्यासाठी प्रथमच परीक्षा जाहीर केली. त्याआधी या अभ्यासक्रमांना सामान्यतः बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळे. अर्जाची मुदत आली आणि गेली, परीक्षाही पार पडली. बारावीची गुणपत्रिका घेऊन महाविद्यालयाच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या कित्येक मुलांना मात्र अशी काही परीक्षा होती, हे त्या खिडकीशीच कळले. जागा भरपूर आणि परीक्षा दिलेले विद्यार्थी थोडे, असा उलटा हिशेब झाल्यावर ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा परीक्षा घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलून परीक्षेला वळसा घातला.

अशा प्रकारांची संभावना 'जागरूकतेचा अभाव' या दोन शब्दांत करण्याची प्रशासनाची जुनी रीत आहे. अभाव कोणाच्या ठायी होता, हे त्या शब्दांतून कळत नाही. परीक्षा घेणारी यंत्रणा शासनाची, शाळा शासनमान्य, मंडळ शासनाचे. तरीही परीक्षा आहे ही बातमी मुलापर्यंत पोहोचवणे हे मात्र कोणाचेच काम नव्हते. आणि जे काम कोणाचेच नसते ते बाजार आपल्या अंगावर घेतो. शिक्षणमार्गदर्शनाच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे.

महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे १६ लाख मुले दहावीच्या परीक्षेला बसतात. निकालानंतर काही आठवड्यांच्या आत पंधरा-सोळा वर्षांच्या या मुलांना जे ठरवावे लागते, त्यातले बरेचसे नंतर फिरवता येत नाही. अकरावीला जीवशास्त्र सोडले की वैद्यकीयची वाट बहुतेक बंद. गणित सोडले की अभियांत्रिकीच्या मुख्य शाखांची. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखाशाखांमधल्या भिंती पाडण्याची भाषा केली आहे. परंतु प्रवेश परीक्षांचे गट भौतिक-रसायन-गणित आणि भौतिक-रसायन-जीवशास्त्र असेच राहिले, आणि भिंत कुठे आहे हे धोरणाच्या पुस्तिकेवरून नव्हे तर परीक्षेच्या अर्जावरून ठरते. बापाबरोबर शेतात राबणाऱ्या मुलाला बी.एस्सी. कृषी करावेसे वाटले तर त्यालाही विज्ञान शाखा आणि प्रवेश परीक्षेतील गुण लागतात. कला शाखेला जाऊन बारावीनंतर ते सुचले तर उशीर झालेला असतो. उलट, त्याच कला शाखेतल्या मुलीला बारावीनंतर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम खुला आहे, पण त्याची सीईटी वेगळी, अर्ज वेगळा, तारीख वेगळी. नर्सिंगची वेगळी, हॉटेल व्यवस्थापनाची वेगळी, आणि २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी ही आणखी वेगळी. यांतील अनेक अर्जांच्या मुदती बारावीच्या मंडळाच्या परीक्षेच्या आधी किंवा ती चालू असतानाच येतात. ज्या मुलाला 'आधी बारावी नीट होऊ दे, मग बघू' असा वडीलकीचा सल्ला घरातून मिळतो, त्याचा घात त्या सल्ल्यानेच होतो.

एक वाट तर अशी आहे की तिच्याविषयी गरीब घरात सर्वांत आधी सांगितले जायला हवे. दहावीच्या गुणांवर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करता येते, आणि ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली की कोणतीही सीईटी न देता अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. दोन वर्षांचा शिकवणीवर्गाचा खर्च नाही, आणि मध्येच शिक्षण सोडावे लागले तरी हातात पदविका असते. ही वाट ठाऊक असलेली मंडळी तिचा लाभ घेतात. ज्यांना तिची खरी गरज आहे त्यांच्या शाळेत तंत्रनिकेतनाचे माहितीपत्रकही फिरकत नाही.

पण अभ्यासक्रमाची निवड ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी कागदपत्रांची आहे आणि ती अधिक निष्ठुर आहे. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर केवळ जातीचा दाखला पुरत नाही. जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अनुसूचित जातीच्या मुलाने १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्या जमातीच्या मुलाने १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीय मुलाने १९६७ पूर्वीचा पुरावा शोधायचा असतो. ज्या घरात आजोबा शाळेत गेले, त्या घरात त्यांच्या शाळेचा दाखला सापडतो. ज्यांचे आजोबा पालावर जन्मले आणि पालावरच गेले, त्यांनी पुरावा आणायचा कुठून? ज्याच्या पूर्वजांना शाळेने दाराबाहेर ठेवले, त्याच्याकडेच पूर्वजांच्या शाळेचा कागद मागणे, हा क्रूर विनोद व्यवस्थेला विनोद वाटत नाही. हा अर्ज अकरावी-बारावीत विज्ञान शाखेत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करता येतो. तो वेळेत केला तर गृहभेट, चौकशी, त्रुटींची पूर्तता यांना अवसर मिळतो. निकालानंतर धावाधाव करणारा विद्यार्थी मुदतवाढीच्या परिपत्रकाकडे डोळे लावून बसतो, आणि ते आले नाही तर त्याच्या हक्काच्या जागेवरून खुल्या स्पर्धेत ढकलला जातो.

पैशाचेही तेच. २०२४ च्या जुलैमध्ये शासनाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात संपूर्ण सवलत जाहीर केली. निर्णय स्वागतार्हच होता. परंतु ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळवली तरच पदरात पडते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की ती गेली. प्रक्रियेच्या फेऱ्यांमध्ये पसंतीक्रम कसा लावायचा, याचेही एक शास्त्र होऊन बसले आहे. २०२५ साली अभियांत्रिकीच्या चार फेऱ्या ठेवण्यात आल्या; पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची, दुसरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी जागा मिळाली तर ती स्वीकारणे बंधनकारक झाले. हा नियम न समजता ओळीने नावे भरत गेलेला मुलगा चांगल्या गुणांनिशी नको त्या ठिकाणी अडकू शकतो. अशा याद्या भरून देण्याचे हजारो रुपये घेणारे 'समुपदेशक' आज तालुक्याच्या गावांतही फलक लावून बसले आहेत.

ज्या घरात आई किंवा वडील प्राध्यापक, डॉक्टर, अधिकारी आहेत, त्या घरात हे सारे जेवणाच्या पंगतीत मुलाच्या कानावर पडत राहते. तिथे आठवीतच मुलाचा मार्ग आखला जातो. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचे मूल वसतिगृहात किंवा आजीपाशी राहून दहावी होते. त्याच्या पंगतीत सीईटी हा शब्द येण्याचे कारण नाही. दोघांचीही प्रश्नपत्रिका सारख्याच काठिण्याची, वेळ सारखा, गुणदान सारखे. त्यामुळे स्पर्धा समान आहे असे म्हणायला सगळे मोकळे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दाखवून दिले होते की, सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून जमतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला होतो. आता शाळा गावोगाव पोहोचली आहे. शाळेतून पुढे कुठे जायचे याची माहिती तेवढी वरच्या मजल्यावर राहिली आहे.

ही पोकळी भरून काढली ती शिकवणीवर्गांनी. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, बसणे दुसरीकडेच, असा 'इंटिग्रेटेड' नावाचा व्यवहार इतका फोफावला की २०१८ साली शासनाला विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. तो किती ठिकाणी मनापासून पाळला गेला हे ओस पडलेले वर्ग सांगतात. अभियांत्रिकीसाठी बारावीत ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के, एवढीच पात्रतेची अट असेल तर मुलाने वर्गात बसावे तरी कशासाठी? लातूर-नांदेडच्या खोल्यांमध्ये दाटीवाटीने राहून नीट आणि जेईईच्या मागे धावणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना त्या जागा मिळणार नाहीत, हे वर्ग चालवणाऱ्याला प्रवेशाच्या दिवशीच ठाऊक असते. ते सांगणे त्याच्या धंद्यात बसत नाही. विक्रेत्याकडून निःपक्ष सल्ल्याची अपेक्षा धरणे भाबडेपणाचे आहे. म्हणूनच हा सल्ला सार्वजनिक असायला हवा.

यावर काही जण सरळ उपाय सुचवतात: प्रवेश परीक्षाच रद्द करा, बारावीचे गुण धरा. या मागणीमागचा संताप समजण्यासारखा आहे, पण बारावीच्या गुणांचे दिवसही सत्ययुग नव्हते. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, त्यानंतर 'देणगी' या पवित्र शब्दाचे काय झाले हे महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. कॉपीची केंद्रेही याच राज्यात नांदली. सामाईक परीक्षा आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रिया यांनी संस्थाचालकांच्या मनमानीला काही वेसण घातली, हे नाकारता येणार नाही. तक्रार परीक्षेइतकीच तिच्याभोवतीच्या अनिश्चिततेविषयी आहे. २०१३ साली वैद्यकीयला नीट, पुढची काही वर्षे पुन्हा राज्याची सीईटी, मग पुन्हा नीट. अभियांत्रिकीला २०१४ आणि २०१५ साली जेईई मेन, २०१६ साली पुन्हा राज्याची सीईटी. ज्याच्या हाताशी सल्लागार असतो तो असल्या कोलांटउड्यांतून सावरतो. बाकीच्यांची दोन वर्षे चुकीच्या अभ्यासक्रमावर खर्ची पडतात.

मार्गदर्शनाचा विचार या देशात कोणी केलाच नाही असेही नाही. मुदलियार आयोगाने १९५३ साली माध्यमिक शाळांत प्रशिक्षित मार्गदर्शक असावेत असे सांगितले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) तर मार्गदर्शन हे शिक्षणाचेच अंग मानले आणि किमान सोय म्हणून दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, अशी साधी, परवडणारी शिफारस केली. महाराष्ट्रात २०१६ पासून दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली जाऊ लागली. मुलाचा कल ललित कलेकडे की वाणिज्याकडे हे एका कागदावर छापून मिळे. त्या कलाचे पुढे काय करायचे, जवळचे महाविद्यालय कोणते, शुल्क किती, शिष्यवृत्ती कोणती, हे विचारायला माणूस नव्हता. महासाथीच्या काळात ती चाचणीही थांबली.

आता सांगितले जाते की सारी माहिती संकेतस्थळावर आहे. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेशही संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाला; नऊ हजारांवर कनिष्ठ महाविद्यालयांतून एक ते दहा पसंतीक्रम मुलाने निवडायचे. पहिल्याच वर्षी नोंदणीच्या आरंभी ते संकेतस्थळ बंद पडले, हा भाग सोडून देऊ. चालू असलेल्या संकेतस्थळावरही माहिती असते, सल्ला नसतो. शंभर पानी नियमपुस्तिकेतला कोणता परिच्छेद आपल्याला लागू आहे हे कळायला आधी बरेच काही कळलेले असावे लागते. म्हणून मूल नेट कॅफेत जाते, आणि तिथला माणूस घाईघाईने भरतो ते त्याचे भवितव्य ठरते. चुकीच्या प्रवर्गावर पडलेली एक खूण निस्तरायला कधी जिल्ह्याच्या, कधी मुंबईच्या फेऱ्या होतात. महाज्योतीसारख्या संस्था इतर मागास आणि भटक्या-विमुक्त मुलांना परीक्षांची मोफत शिकवणी देतात, हे काम मोलाचे आहे. पण शिकवणी म्हणजे मार्गदर्शन नव्हे, आणि तिथवरही विज्ञान शाखा घेतलेले आणि योजनेचे नाव ऐकलेले मूलच पोहोचते.

हिशेब अवघड नाही. दहावीला मुले बसवणाऱ्या शाळा राज्यात सुमारे तेवीस हजार आहेत. कोठारी आयोगाचेच प्रमाण धरले तर तेवीसशे समुपदेशक लागतात. एवढ्या नेमणुका या राज्याच्या अर्थसंकल्पाला झेपत नाहीत, असे कोणत्या मंत्र्याने विधानसभेत उभे राहून सांगावे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी दिलेल्या निर्देशांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी पात्र समुपदेशक नेमावा, असे म्हटले आहे. म्हणजे हा प्रश्न आता दानतीपुरताही उरलेला नाही. अडचण अशी आहे की या पदावर एखाद्या आधीच वाकलेल्या शिक्षकाचे नाव लिहून यादी पूर्ण केली जाईल. निवडणुकीची कामे, पोषण आहाराच्या नोंदी आणि नाना प्रकारच्या ऑनलाइन माहित्या भरणाऱ्या शिक्षकाच्या माथी आणखी एक वही मारणे म्हणजे समुपदेशन नव्हे. पद स्वतंत्र हवे, पगारी हवे, कायम हवे आणि पहिल्या नेमणुका आश्रमशाळा व जिल्हा परिषदेच्या शाळांच्या गटांत व्हायला हव्यात.

त्याखेरीज चार गोष्टींना तर पैसाही फारसा लागत नाही. मूल अकरावीत ज्या नियमांनी शिरते तेच नियम त्याच्या बारावीपर्यंत कायम ठेवावेत. सर्व सीईटींचे अर्ज शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात, शुल्क न आकारता भरून घ्यावेत. जात वैधतेची प्रकरणे अकरावीच्या पहिल्याच सत्रात महाविद्यालयाने स्वतः समितीकडे पाठवावीत आणि पुराव्यासाठी अडलेल्या भटक्या-विमुक्त मुलांची गृहचौकशी समितीने वस्तीवर जाऊन करावी. तंत्रनिकेतन, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, कृषी, नर्सिंग, विधी या सर्व वाटांची मराठीतील एक पुस्तिका नववीच्या पाठ्यपुस्तकांबरोबर प्रत्येक मुलाच्या हाती द्यावी. बालभारती आजवर लाखो पुस्तके वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचवत आली आहे. त्याच गठ्ठ्यात ही पुस्तिका जाऊ शकते.