गाजर गवताची खाज : हा नायटा नव्हे, वावडे आहे



पावसाच्या चार सरी पडून पंधरा दिवस झाले की बांधावर, गोठ्यामागे, शाळेच्या पटांगणाकडेला गाजरासारख्या कातरलेल्या पानांचे एक रोप डोके वर काढते. महिना-सव्वा महिन्यात त्यावर बारीक पांढऱ्या फुलांचा सडा दिसू लागतो. कोणी त्याला गाजर गवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवत, तर कोणी चटक चांदणी. पिकाचे ते काय नुकसान करते हे आपण जाणताच. आज ते माणसाच्या कातडीचे काय करते, ते सांगणार आहे.

आपल्या घरात किंवा भावकीत असा कोणी आहे का, ते आठवून पाहा. वय साधारण चाळिशीच्या पुढचे, जन्म शेतात गेलेला. प्रथम पापण्या सुजतात. मग चेहरा, मान, कानांमागचा भाग, कोपराची व गुडघ्याची लवण लाल होते आणि भयंकर खाज सुटते. उन्हात गेले की आग होते. चार-सहा महिने जरा बरे वाटते, पुन्हा गवत माजले की त्रास उसळतो.

माझ्या फिरतीतल्या एका गावात असे एक गृहस्थ होते. आधी नायटा समजून मलमे झाली. मग रक्त बिघडले म्हणून काढे झाले. मग बाहेरची बाधा म्हणून अंगारेही झाले. दोन-तीन वर्षांत चेहऱ्याची कातडी जाड, काळवंडलेली आणि सुरकुतलेली झाली, तेव्हा शेजारीपाजारी महारोगाची कुजबुज सुरू झाली. ती मुलीच्या सोयरिकीच्याही आड आली. खरे तर महारोगसुद्धा आज औषधाने बरा होतो, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण यांना तो नव्हताच. त्यांना गाजर गवताचे वावडे होते. हे वावडे एकाचे दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवले, एका अंथरुणावर निजले तरी लागत नाही.

हे कळले कसे, याची हकीकत आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी इकडे पसरले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुण्यात ते वाढत असल्याची शास्त्रीय नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ राव यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत पुणे परिसरातील त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे वर सांगितल्यासारखे रोगी मोठ्या संख्येने येऊ लागले. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी या रोग्यांचा बारकाईने अभ्यास केला. मिचेल आणि काल्नन या परदेशी तज्ज्ञांबरोबर त्यांनी १९७४ साली तो प्रसिद्ध केला आणि गाजर गवत हेच या खाजेचे मूळ असल्याचे दाखवले. गवतातील मुख्य दोषी द्रव्याचे नाव पार्थेनिन. पानांवर व खोडावर जी बारीक लव असते तीत ते असते. गवत वाळले की ही लव आणि पानांचा चुरा वाऱ्यावर उडतो. म्हणून गवताला हात न लावताही चेहऱ्यावर व मानेवर त्रास होतो.

आता तुम्ही विचाराल, सगळा गाव त्या गवतातून चालतो, मग एकालाच का? वावड्याची रीत अशी आहे. आपल्या शरीरात परक्या वस्तूला ओळखणाऱ्या राखणदार पेशी असतात. प्रथम गवत लागते तेव्हा काहीच होत नाही. पुन्हा पुन्हा, कधी वर्षानुवर्षे लागत राहिले की काहींच्या शरीरातले राखणदार त्याला शत्रू म्हणून ओळखून ठेवतात. त्यानंतर थोडे जरी लागले तरी ते तुटून पडतात, आणि त्या लढाईत आपलीच कातडी पोळते. हा त्रास लगेच नव्हे, तर एक-दोन दिवसांनी दिसतो. त्यामुळे सोमवारच्या खुरपणीचा दोष बुधवारच्या जेवणावर जातो आणि बिचारे वांगे बंद होते. ‘मला आजवर काही झाले नाही’ म्हणून गवत उघड्या हाताने उपटणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. एकदा हे वावडे जडले की सहसा जात नाही. त्याच कुळातल्या शेवंतीसारख्या फुलझाडांनीही काहींना त्रास होतो.

खात्री करण्याची परीक्षा सोपी आहे. तिला पॅच टेस्ट म्हणतात. निरनिराळी द्रव्ये लावलेल्या छोट्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात. दोन दिवसांनी त्या काढून पाहतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. गवताच्या अर्काच्या जागी लाली व पुरळ उठले तर निदान झाले. सुई टोचावी लागत नाही. आपल्याकडे या परीक्षेसाठी वापरतात त्या द्रव्यांच्या संचात गाजर गवताचा समावेश आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील त्वचारोग विभागात तिची चौकशी करावी. पुण्याकडच्यांना ससून आहे. ठाणे-रायगडकडच्यांना नवी मुंबईत नेरूळ व कामोठे येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. भाजीपाला घेऊन वाशीच्या बाजारात जाता, त्याच फेरीत दुखणाईताला दाखवता येईल. परीक्षेसाठी दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात आणि त्या दिवसांत पाठ भिजवायची नसते, हे आधी ठरवून जावे.

उपचाराबद्दल सावधपणे ऐका. खाज फार झाली की आपण औषधाच्या दुकानात जाऊन ‘एक चांगली ट्यूब द्या’ म्हणतो. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असते. चार दिवसांत आराम पडतो, मग तीच ट्यूब वर्षभर चालते. चेहऱ्याची कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात, आणि नायटा असेल तर तो विझल्यासारखा दिसून आतून पसरतो. अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा आदेश केंद्र सरकारने २०१८ साली काढला. तो आपल्या भल्यासाठीच आहे. डॉक्टर स्वतः हेच मलम देतात, पण कोणते, कुठे आणि किती दिवस, ते मोजून देतात.

दुखणे जुने व अंगभर असेल तर पोटातून औषध द्यावे लागते. पूर्वी स्टिरॉइडच्या गोळ्यांवरच भिस्त असे. त्या फार दिवस घेतल्या की साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, आणि एकदम सोडल्या तर जिवावर बेतू शकते. म्हणून चंदीगड व दिल्लीच्या डॉक्टरांनी अझाथायोप्रिन नावाचे दुसरे औषध तपासले. दिल्लीच्या एम्समध्ये रोग्यांचे दोन गट पाडून दोन्ही औषधांची तुलना झाली आणि ती २००८ साली प्रसिद्ध झाली. गुण दोन्हींनी आला, पण उलटून येणे व इतर त्रास स्टिरॉइडच्या गटात जास्त दिसले. म्हणजे जन्मभर स्टिरॉइडच्या गोळ्यांवरच काढण्याची गरज नाही. मात्र अझाथायोप्रिन शरीराची रोगाशी लढण्याची ताकद कमी करते. त्यासाठी वरचेवर रक्त तपासावे लागते. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून ते आणू नका.

तरीही औषध ही अर्धीच लढाई. अंगणात गवत ठेवून गोळ्या घेणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे. तेव्हा एवढे करा :

१. फूल येण्यापूर्वी, जमीन ओली असताना गवत मुळासकट उपटा. एकेक झाड हजारो बिया टाकते.

२. उपटताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, तोंडाला फडके बांधा, हातमोजे घाला. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांना बांधा. काम झाल्यावर साबणाने अंग धुवा आणि कपडे वेगळे धुवा.

३. ज्याला वावडे आहे त्याने या कामापासून दूर राहावे. वाळलेले गवत त्याच्या जवळपास झोडपू किंवा जाळू नये.

४. फुलावर न आलेल्या गवताचे कंपोस्ट होते. फुलावर आलेले खड्ड्यात टाकू नका, बी शेणखतातून शेतात परत येईल.

५. पावसाळ्यात गवताची पाने खाणारे मेक्सिकन भुंगेरे आपल्या देशात १९८४ पासून सोडले जातात. ते दिसतील तिथे औषध फवारू नका. पडीक जागेत तरोट्याचे बी फेकले तर तो गवताला दाबतो.

एका घराने आपले अंगण साफ करून भागत नाही, वारा सगळ्यांचा आहे. १६ ते २२ ऑगस्ट हा सप्ताह गाजर गवत निर्मूलनासाठी देशभर पाळला जातो. त्याची वाट न पाहता ग्रामसभेत विषय काढा, तरुण मंडळाला आणि बचत गटाला बरोबर घ्या. शाळेचे पटांगण आणि पाणवठा यांपासून सुरुवात करा.

आणि गावात कोणाचा चेहरा असा काळवंडलेला दिसला, तर कुजबुज करू नका. त्याला बरोबर घेऊन दवाखान्यात जा.