अर्ज केल्यानंतरची विचारपूस

गेल्या एप्रिल महिन्यात खानापूर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाकडे आम्ही दोन दिवस मुक्कामास होतो. त्या घरची थोरली मुलगी बेळगावच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकते. गोव्यातील एका प्रयोगशाळेकडे तिने फेब्रुवारीत उन्हाळी इंटर्नशिपसाठी, म्हणजे सुटीतील दोन महिन्यांच्या उमेदवारीसाठी, अर्ज केला होता. होकार नाही, नकारही नाही. पुन्हा विचारावे असे तिच्या मनात होते, पण वडील म्हणाले, "एकदा विचारले ते पुरे. दुसऱ्यांदा दारात उभा राहतो तो भिकारी." बापाच्या या बोलण्यात आम्हाला अभिमानापेक्षा भीतीच अधिक दिसली.

घरात फोनला रेंज नसते. संध्याकाळी रस्त्यावरच्या वळणापाशी जाऊन, आमच्या आग्रहाखातर, तिने ई-मेलची पेटी नीट तपासली. नको असलेल्या जाहिराती ज्या कप्प्यात आपोआप जाऊन पडतात, त्या स्पॅमच्या कप्प्यात प्रयोगशाळेचे पत्र तीन आठवडे पडून होते. प्राचार्यांचे संमतीपत्र आठ दिवसांत पाठवा, एवढाच त्यातील मजकूर. तिने तेथेच उभे राहून उत्तर लिहिले. दुसऱ्या दिवशी कळले की ती जागा दुसऱ्या विद्यार्थ्याला दिली गेली आहे. रात्री त्या घरात कोणी फारसे जेवले नाही.

वाचकहो, उमेदवार हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे. उमेद म्हणजे आशा, आणि जो आशा धरून आहे तो उमेदवार. पूर्वी नोकरी मिळेल या आशेवर कचेरीत बिनपगारी राबणाऱ्या तरुणाला उमेदवार म्हणत. त्याला आपण तेथे आहोत हे रोज दिसू द्यावे लागे. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. हल्ली अर्ज घरबसल्या जातो, म्हणून अर्जदार कोणाच्या नजरेसमोर राहत नाही. अर्जामागून जाणारे स्मरणपत्र ही उणीव भरून काढते.

मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाचे उदाहरण पाहा. लंडनमधील एका लोहाराचा हा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून वाढला. विज्ञानाच्या क्षेत्रात कसलेही काम मिळावे म्हणून त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिले. उत्तराची चौकशी केली तेव्हा द्वारपालाकडून निरोप मिळाला की उत्तर नाही. तो तेथेच थांबला असता तर आज त्याचे नाव कोणास ठाऊक नसते. 1812 साली त्याने सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली होती. त्यांची टिपणे त्याने सुवाच्य अक्षरात उतरून, आपल्या हातांनी बांधून, तीनशेहून अधिक पानांचा ग्रंथ डेव्हींकडे धाडला. डिसेंबरात डेव्हींचे सौजन्यपूर्ण उत्तर आले. 1813 च्या आरंभी भेट झाली, पण जागा रिकामी नव्हती, आणि बांधणीचाच धंदा धरून राहा असा सल्ला मिळाला. पुढे प्रयोगशाळेतील साहाय्यकाला भांडणापायी काढून टाकावे लागले, तेव्हा डेव्हींना त्या बांधणीवाल्या मुलाची आठवण झाली. 1 मार्च 1813 रोजी तो कामावर रुजू झाला. पगार आठवड्याला 25 शिलिंग.

उन्हाळी जागांचेही असेच आहे. निवड झालेला एखादा मुलगा दुसरीकडे जातो, कोणाची परीक्षा लांबते, आणि मे महिन्यात जागा अचानक रिकामी होते. त्या वेळी अधिकारी दोनशे अर्ज पुन्हा चाळीत बसत नाही. ज्याचे नाव ध्यानात असेल त्याला बोलावतो.

म्हणून निकालाची तारीख जाहीर असेल तर ती उलटल्यावर आठवडाभर थांबावे. नसेल तर अर्जानंतर दोन आठवडे. मग चार-पाच ओळींचे पत्र लिहावे. त्यात आपले नाव, अर्जाचा दिनांक व क्रमांक, कोणत्या तारखेपासून येता येईल ते, आणि अर्जानंतर काही नवे घडले असल्यास, उदाहरणार्थ सत्राचा निकाल, तेवढेच असावे. घरच्या अडचणींचे रडगाणे नको. उत्तर लवकर द्या, असा हुकूमही नको. रेंज असलेल्या एखाद्या नातलगाचा फोन क्रमांक जोडावा. पुन्हा दोन आठवड्यांनी एक पत्र. त्यानंतर मात्र थांबावे. दुसरीकडे जागा मिळाली तर पहिल्या ठिकाणी तसे कळवणे विसरू नये, कारण तीच जागा दुसऱ्या कोणाच्या तरी घरी हवी असते. बंगळूर, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींची जी संयुक्त उन्हाळी शिष्यवृत्ती आहे, तिच्यासारख्या योजनांची निवडयादी संकेतस्थळावर लागते. तेथे पत्र लिहिण्यापूर्वी यादी पाहावी, आणि आपल्या शिक्षकांचे शिफारसपत्र खरोखर गेले का, हे त्यांनाच नम्रपणे विचारावे. हे विचारायला मुले सर्वांत जास्त लाजतात! आणि इंटर्नशिप देतो म्हणून कोणी आधी पैसे मागितले, तर तेथे विचारपूसच करू नये.

पालकांना एक विनंती. हे पत्र मुलानेच लिहावे. बापाने साहेबाला फोन करणे, किंवा धर्मगुरूंकडून चिठ्ठी नेणे, यामुळे मूल लहान दिसते. फादरांनी मुलाला ओळखीचा दाखला द्यावा, तो उपयोगी पडतो. वशिला लावणे ही वेगळी गोष्ट आहे.

त्या मुलीने जागा गेल्याचे कळल्यावरही आभाराच्या दोन ओळी पाठवल्या होत्या. ऑगस्टमध्ये प्रयोगशाळेने तिला विचारले, नाताळच्या सुटीत तीन आठवडे येता येईल का? तिने त्याच दिवशी होकार कळवला. पणजीत तिच्या राहण्याची सोय व्हावी म्हणून वडिलांनी मुलींच्या एका वसतिगृहाकडे चौकशी केली आहे. अजून उत्तर नाही. सोमवारी ते पुन्हा फोन करणार आहेत.