घोणस अळी खरंच 'चावते' का? आणि चिकटपट्टी कशासाठी?

२०२२ च्या पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर एक फोटो जोरात फिरला. पानावर बसलेली काटेरी अळी आणि खाली इशारा: 'ही घोणस अळी सापाइतकी विषारी, चावली तर माणूस दगावतो.' उसाचा पाला काढायला, बांधावरची वैरण कापायला रोज शेतात जावं लागतं अशा सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात असा मेसेज म्हणजे घरातली झोप उडवणाराच.

मुळात ही अळी चावत नाही. ती एका पतंगाची अळी, 'स्लग कॅटरपिलर' गटातली. अंगावरच्या नक्षीमुळे तिला घोणस म्हणतात, सापाच्या विषाशी तिचा काही संबंध नाही. हात लागला की तिचे विषारी काटे कातडीत रुततात आणि आगडोंब उसळतो. बहुतेकांचा त्रास तेवढ्यावरच थांबतो. ॲलर्जी असणाऱ्यांना मात्र तो वाढू शकतो.

म्हणून पहिलं काम, चोळायचं नाही. चोळलं की काटे आणखी आत जातात. त्या जागेवर साधी चिकटपट्टी हलकेच लावून ओढून काढायची, दोन-तीनदा, दर वेळी नवीन. मग साबणाच्या पाण्याने धुऊन कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवायचा. खाण्याच्या सोड्याचा लेपही लावतात. ओठ-घसा सुजला, धाप लागली, चक्कर आली तर मात्र दवाखाना गाठायचा. मधमाशीलाही हाच नियम, फक्त तिची नांगी कातडीतच राहते आणि विष सोडत राहते. ती नखाने, कशानेही, पण लगेच काढायची.

अळीची एवढी धास्ती घेणारी घरं विंचवाच्या बाबतीत कधी कधी निर्धास्त असतात, ही खरी काळजीची गोष्ट. कांदा चोळणं, दोरी आवळणं, विष 'उतरवणं' अजून चालतं. लाल विंचवाचं विष थेट हृदयावर ताण आणतं. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही त्याची चिन्हं. ठणका कमी म्हणजे धोका कमी, असंही नाही.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून असंख्य रुग्ण वाचवले. अळीचा मेसेज फिरला त्याच २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं हे औषध आता विंचूदंशाच्या उपचारात रुळलं आहे, विंचवाची प्रतिविष लसही आहे. पण प्राझोसिनने रक्तदाब झपकन उतरतो, त्यामुळे गोळी घरी ठेवून स्वतः द्यायची नाही. घरी करायचं ते एवढंच: रुग्णाला शांत झोपवायचं, हातपाय हलवू द्यायचे नाहीत, १०८ ला फोन करायचा. लहान मूल असेल तर लक्षणं दिसायची वाटही पाहायची नाही.