‘तू काय केलंस?’ हा प्रश्न आता पुरे



मागच्या महिन्यात माझ्या भाचीचा गर्भ नवव्या आठवड्यात गेला. यवतमाळच्या दवाखान्यातून ती घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणाऱ्या बायकांची चौकशी सुरू झाली. “गाडीवर कायले गेली होती व वणीला?” “पपई खाल्ली असन.” एक जण हळूच म्हणाली, “पूर्वजन्मीचं कर्म, दुसरं काय!” पोरगी खाली मान घालून प्रत्येकीला उत्तर देत होती.

खरं सांगते, पहिला प्रश्न मीच विचारला होता, फोनवर. “फार धावपळ केलीस का गं?” ती गप्प झाली. मग मला आठवलं, माझेही दोन गर्भ असेच गेले होते. तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, “गव्हाचं पोतं सरकवलंस ना?” ते पोतं मी कित्येक वर्षं मनावर वाहिलं. तरीही तोच प्रश्न मी पुढे ढकलला.

तपासणीला मी तिच्यासोबत गेले. डॉक्टरबाईंनी जे समजावलं ते सगळ्यांनी ऐकावं असं आहे. बाळाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ आईकडून आणि २३ वडिलांकडून. बीज तयार होताना ही वाटणी कधी चुकते. एखादं गुणसूत्र जास्त येतं, एखादं कमी पडतं. अशा गर्भाची वाढ बहुतेक वेळा थांबते. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात, त्यातल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त वेळा कारण हेच असतं. सोळाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असणं ही त्यातली नेहमी आढळणारी चूक.

ही चूक बहुधा गर्भ राहतानाच झालेली असते. पोतं, गाडी, पपई यांनी गुणसूत्रांची संख्या बदलत नाही. बाईचं वय वाढलं की अशी चूक वाढते, कारण तिची स्त्रीबीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. पण पंचविशीतही हे घडतं. कळून आलेल्या दर शंभर गर्भांपैकी दहा ते वीस असे जातात, आणि पुढच्या खेपेला बहुतेकींना नीट बाळ होतं.

दोन-तीनदा असं झालं तर मात्र तपासणी करा, आणि नवरा-बायको दोघांचीही. कधी दोघांपैकी एकाच्या गुणसूत्रांची मांडणी वेगळी असते, तब्येत मात्र ठणठणीत. पडलेल्या गर्भाची गुणसूत्र तपासणी करायची असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा. त्यासाठी तो भाग सलाईनमध्ये ठेवावा लागतो, फॉर्मालिनमध्ये पेशी वाढवता येत नाहीत.

आता कर्माबद्दल. मी काही पंडित नाही. पण स्वाध्यायात मला जे कळलं ते असं, की कर्मसिद्धांत स्वतःचे भाव तपासायला आहे, दुसरीच्या दुःखावर शिक्का मारायला नाही. शेजारणीच्या कर्माची वही आपल्या हाती कुणी दिली? आपल्या हाती आहे ती अनुकंपा. पाणी गाळून पिणाऱ्या आपण, शब्द का गाळत नाही? वचनाची हिंसाही हिंसाच.

आमच्या घरी गर्भ जितक्या महिन्यांचा, तितके दिवस सूतक पाळतात. म्हणजे घरात काहीतरी गेलं, हे जुन्यांनी मान्य केलं होतं. कायद्यानेही मानलं आहे. कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. नोकरदार मुलींनी ती हक्काने मागावी. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईला मात्र तीही मिळत नाही. ती दोन दिवसांत पुन्हा शेतात दिसते, आणि तिलाही कुणीतरी विचारतंच, “काय केलं होतं व?”

क्षमावाणीला अजून वेळ होता, पण मी थांबले नाही. भाचीकडे गेले, हात जोडले, म्हटलं, “मी विचारलं ते चुकलं.” ती पहिल्यांदाच मोकळेपणी रडली.

अशा घरी जाल तेव्हा सूर्यास्ताच्या आत मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन जा. नवऱ्याचीही विचारपूस करा, त्याचंही बाळ गेलेलं असतं. आणि तिला काही विचारायचंच असेल तर एवढंच विचारा, “जेवलीस का?”