मागचे चाक

आमच्या इंदूरच्या घराच्या परसात, आंब्याच्या झाडाखाली, पस्तीस वर्षांहून अधिक काळ एक जीप उभी होती. १९६५ सालची, महिंद्रांनी बांधलेली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, देवासकडच्या शेतावर जाण्यायेण्यासाठी १९७१ साली ती जुनी म्हणून विकत घेतली होती. १९८९ साली अण्णा गेले आणि त्यानंतर तिची किल्ली कुणी फिरवली नाही. कोंबड्या तिच्यात अंडी घालीत, मुले तिच्यात बसून काश्मीरला जाऊन येत. भंगारवाला दर दिवाळीला भाव विचारून जाई, आणि दर दिवाळीला मी ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणत असे.

अखेरीस नातवाने मनावर घेतले. तो यंत्रशास्त्र शिकतो. त्याची पहिली योजना ऐकून मला घाम फुटला. रुंद टायर, डिझेल इंजिन, पुढे दोरखंड ओढण्याचा रहाट! मी म्हटले, “बाबा रे, मग यात जीप उरली कुठे?” तेव्हा त्यानेच सरकारी नियम शोधून काढला. २०२१ सालापासून पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी दुचाकी-चारचाकी वाहनांना ‘विंटेज’ म्हणून निराळी नोंदणी मिळते. सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही तिची मुख्य अट. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची. अशी गाडी रोजच्या वापराला मात्र चालत नाही. प्रदर्शनाला न्यावी, पेट्रोल भरून आणावी, दुरुस्तीला काढावी, इतकेच. नातू जरा हिरमुसला. मला मात्र बरे वाटले. जे काम माझ्या सांगण्याने झाले नसते ते राजपत्राने केले.

या गाडीचे कूळ थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील टोलेडो शहरच्या विलिस-ओव्हरलँड कंपनीने १९४१ पासून महायुद्धासाठी जीप बांधल्या. फोर्डनेही तोच नमुना काढला. आपल्याकडे १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा अँड महंमद या पेढीने १९४७ मध्ये मुंबईस विलिस जीप जुळवायला आरंभ केला. पुढच्याच वर्षी पेढीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. आमची गाडी ‘सीजे-३बी’ नमुन्याची. युद्धातल्या जीपहून हिचे कपाळ उंच, कारण हिच्या इंजिनात आत घेणारे वॉल्व्ह डोक्यावर बसविले आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्येच ठेवले. उंच झालेल्या इंजिनावर झाकणही उंच आले. दिसायला ती थोडी बोजड झाली हे खरे, पण त्या कपाळामुळेच लांबून ओळखू येते.

कामास आरंभ केला आणि पहिल्याच दिवशी हत्यारांनी आम्हांस अडविले. नातवाची पाने मिलिमीटरची, गाडी इंचांची. अर्ध्या इंचाच्या नटाला तेरा मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो. फरक अवघा तीन दशांश मिलिमीटरचा. परंतु गंजलेल्या नटावर जोर लावला की तेवढ्यातच त्याचे कोपरे झिजून तो गोल होतो. छावणीतले जुने मिस्त्री सूत मोजीत. आठ सुतांचा इंच. चार सुताचा पाना, साडेचार सुताचा पाना. सियागंजात हिंडून मी इंची पान्यांचा एक जुना जोड मिळवला. दुसरा धडा डाव्या चाकांनी दिला. नातू पान्यावर उभा राहून नाचला तरी नट हलेना. मग मला एकाएकी आठवले की या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. तो नट सोडवीत नव्हता, आवळीत होता!

एकेक भाग उघडताना दिसू लागले की या गाडीत जवळजवळ प्रत्येक सांध्याला आपले स्वतंत्र हत्यार आहे. पुढच्या चाकाच्या बेअरिंगचा नट दोन इंचांहून मोठा. त्याला खोल बॉक्स-पाना लागतो. छिन्नीने ठोकून तो फिरतो खरा, पण आवळला किती गेला ते कळत नाही. पुढची चाके वळविणाऱ्या किंगपिनखाली पत्र्याच्या पातळ चकत्या घालाव्या लागतात, आणि त्या नेमक्या किती, हे स्प्रिंगच्या ताणकाट्याने सांधा ओढून ठरवावे लागते. आमच्या घरी रद्दी तोलायला असा काटा होता, तो कामी आला. वॉल्व्हची फट फीलर गेजने मोजायची. इंजिन थंड असताना आत घेणाऱ्याला अठरा हजारांश इंच, धूर सोडणाऱ्याला सोळा. आणि वॉल्व्हची स्प्रिंग दाबताना खालच्या भोकांत चिंध्या कोंबायच्या. वॉल्व्हचा देठ धरणारे दोन अर्धगोल तुकडे निसटले तर थेट तेलाच्या तळात जातात, आणि मग सारा तळ खोलावा लागतो. चिंध्या कोंबायला मी विसरलो नाही. घरातली एक बरी चादर मात्र त्यांत गेली, आणि ती उणीव अजून ऐकतो आहे.

आता मागच्या चाकाविषयी. खरे म्हणजे हे लिहायला बसलो ते त्याचसाठी.

या जीपच्या मागच्या ॲक्सलचे टोक निमुळते असते. त्यावर हब दाबून बसविलेला असतो, मध्ये चौकोनी चावी, वर मोठा नट आणि त्यातून पिन. नट दीडशे फूट-पौंडांहून कमी आवळलेला चालत नाही. ढिला राहिला तर सारा भार चावीवर येऊन ती कापली जाते. वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी हब त्या निमुळत्या टोकावर असा घट्ट रुततो की हाताने हलत नाही. ड्रम त्या हबबरोबरच निघतो. म्हणजे ब्रेकपर्यंत पोचायचे तर हब काढल्यावाचून गत्यंतर नाही. त्यासाठी ‘पुलर’ असतो. चाकाच्या बोल्टांना धरणारे पंजे आणि मधोमध ॲक्सलच्या टोकावर रेटणारा जाड स्क्रू.

१९८३ साली मागचा ब्रेक गळू लागला, तेव्हा अण्णांनी मला छावणीतल्या एका मिस्त्रीकडून पुलर आणायला सांगितले. मी बाविशीतला, भर दुपारी सायकल हाणायचा कंटाळा आला. अण्णा शेतावर होते. शेजारच्या लोहाराचा घण आणला आणि हबवर, ड्रमवर, शेवटी ॲक्सलच्या टोकावरच घातला. हब तसूभर हलला नाही. टोक तेवढे चपटे होऊन आटे बसले. संध्याकाळी मिस्त्री स्वतःच पुलर घेऊन आला. टोकाकडे पाहून एवढेच म्हणाला, “बाबूजी, हथौडे से निकलता तो पुलर काहे बनाते?” त्याने हब काढला आणि रात्री नऊपर्यंत तिकोनी कानशीने एकेक आटा उकरून नट कसाबसा चढविला. अण्णा कंदील धरून उभे होते. ते मला एक शब्दही बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पण गाडी त्यांच्या हातून पूर्वीसारखी भरधाव गेली नाही. शेताच्या उतारावर ते नेहमी मागे वळून त्या चाकाकडे पाहत.

यंदा नातवाने पुलर मागवला. मी त्याला सांगितले तसे त्याने केले. नट पूर्ण न काढता दोन फेरे ढिला ठेवायचा, म्हणजे हब सुटला तरी उडून अंगावर येत नाही. स्क्रू आवळायचा, त्याच्या डोक्यावर एक टोला द्यायचा, पुन्हा आवळायचा. चपट्या टोकावर स्क्रू घसरू नये म्हणून मध्ये पितळेची चकती ठेवली. सायंकाळपर्यंत काही घडले नाही. त्याचा हात घणाकडे गेला, तो मी धरला. “राहू दे. ताण असू दे तसाच.” आम्ही जेवून झोपलो. पहाटे तीनच्या सुमारास परसात बंदूक उडावी तसा आवाज झाला. घर जागे झाले, गल्लीतली कुत्री भुंकू लागली. हब आपण होऊन सुटला होता आणि नटाला टेकून होता.

सकाळी ड्रम काढला. आतली धूळ फुंकू दिली नाही. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असते आणि ते फुप्फुसाला घातक, म्हणून ओल्या फडक्याने पुसून घेतली. मग ॲक्सलचे टोक घासूनपुसून स्वच्छ झाले. चपटी कड, कानशीच्या रेघा, सारे चाळीस वर्षांनीही जसेच्या तसे.

“आजोबा, हे कुणी ठोकलंय?” नातवाने विचारले.

“मी,” म्हटले.

तो हसेल असे वाटले होते. त्याने टोकावरून अंगठा फिरविला आणि विचारले, “आणि हे आटे कुणी कापले?” मग मी त्याला मिस्त्रीची आणि कंदिलाची हकीगत सांगितली. त्याच्या आईलाही ती मी कधी सांगितली नव्हती.

तो शाफ्ट आम्ही परत घातला नाही. जुने ते सारे जपावे या मताचा मी असलो तरी ज्या आट्यांवर चाकाचा भरवसा, ते कानशीने उकरलेले नकोत. त्याच मापाचा दुसरा मिळाला, चावीही नवी घातली. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही बदलावा लागणार आहे, कारण आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुने रबर खराब होते. जुना शाफ्ट तेल लावून, कापडात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवला आहे.

गाडी अद्याप चालत नाही. गिअरबॉक्स बैठकीतल्या मोठ्या टेबलावर वर्तमानपत्रांवर पसरला आहे आणि गणपती तीन आठवड्यांवर आले आहेत. टेबल कधी मोकळे होणार, असे घरातून रोज विचारणे होते. नातू म्हणतो, चार दिवसांत. मी काही बोलत नाही.