गुमास्त्याचा जमाखर्च

‘यंदा आमची बारावी आहे,’ असे एखादी आई सांगते, तेव्हा परीक्षेला बसणार असतो तो तिचा मुलगा. घरातला टीव्ही बंद होतो, पाहुण्यांना ‘मे महिन्यात या’ म्हणून कळवले जाते आणि रात्री मुलगा गाढ झोपल्यावर जागी राहते ती आई. ‘एवढं मनाला लावून घेऊ नकोस,’ असे नवरा म्हणाला की ती आणखीच चिडते. मनाला लावून न घेणे म्हणजे मुलाची पर्वा नसणे, असेच तिला वाटते.

तिचे चुकते का? या प्रश्नाचे एक जुने उत्तर जयपूरहून निघालेल्या एका पत्रात आहे. अठराव्या शतकात तिथे पंडित टोडरमल नावाचे जैन विद्वान राहत असत. दूरच्या मुलतान शहरातील काही जैन बांधवांनी त्यांना आपल्या शंका लिहून पाठवल्या. टोडरमलांनी विक्रम संवत १८११ च्या फाल्गुनात, म्हणजे इसवी सन १७५५ च्या सुमारास, उत्तर धाडले. ते ‘रहस्यपूर्ण चिठ्ठी’ म्हणून ओळखले जाते. आत्मा वेगळा आणि बाकी सारे वेगळे, हे ज्याला पटले आहे तो माणूस रोजच्या व्यवहारात कसा वावरतो? टोडरमलांनी दाखला दिला तो पेढीवरच्या गुमास्त्याचा.

गुमास्ता हा शब्द आपल्याकडे आता दुकानाच्या परवान्यापुरता उरला आहे. टोडरमलांचा गुमास्ता शेठजींचे काम करतो आणि त्याला आपलेच काम म्हणतो. नफा झाला की हरखतो, बुडीत आली की खिन्न होतो. ‘मी वेगळा, शेठ वेगळा’ असे तो दिवसभर घोकत बसत नाही. पण आत कुठेतरी त्याला पक्के ठाऊक असते, की हे धन आपले नव्हे. तेच धन तो आपले मानून बळकावू लागला, तर मात्र तो चोर ठरतो. हा दाखला पोथीतला वाटत नाही. टोडरमलांनी स्वतः पोटासाठी सिंघाण्याला एका सावकाराकडे नोकरी केली होती, असे सांगतात.

यातली खरी गंमत त्या हरखण्यात आणि खिन्न होण्यात आहे. गुमास्त्याला त्याची मनाई नाही!

ग्रीक-रोमन जगातल्या स्टोइक तत्त्वज्ञांबद्दल असाच गैरसमज आहे. ते माणसाला दगड व्हायला सांगतात, असे मानले जाते. त्यांच्यापैकी एपिक्टेटस हा गुलाम म्हणून वाढला, पायाने अधू होता. त्याचे सांगणे असे, की एखादी गोष्ट गेली तर ‘हरवली’ म्हणू नये, ‘परत केली’ म्हणावे. ती हाती असेपर्यंत प्रवाशाने धर्मशाळेची खोली सांभाळावी तशी सांभाळावी. आत्म्याविषयी जैनांचे आणि स्टोइकांचे म्हणणे एक नाही, पण व्यवहारात दोघे अगदी शेजारी येऊन बसतात. अमेरिकन मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात आपली उपचारपद्धती मांडताना एपिक्टेटसचे ऋण मान्य केले, आणि मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती पद्धत आपल्याकडे रुजवली.

चिठ्ठीला जवळजवळ दोनशे वर्षे झाली आणि १९४७ साल उजाडले. मुलतान पाकिस्तानात गेले. तिथल्या जैन कुटुंबांनी घरे, दुकाने मागे टाकली; मंदिरातल्या मूर्ती आणि हस्तलिखिते तेवढी सोबत घेतली. त्यांच्यापैकी बरीच कुटुंबे जयपूरच्या आदर्श नगरात स्थिरावली, तिथे त्यांनी मंदिर उभारले. ज्या शहरातून ते पत्र मुलतानला गेले होते, त्याच शहरात मुलतानची माणसे निर्वासित होऊन आली. पिढीजात दुकान गेल्यावर डोळ्यांत पाणी येणारच. तोट्याचे दुःख गुमास्त्यालाही होतेच. पण नव्या गावात पहिल्या दिवसापासून पुन्हा वही उघडायची, तर जुने सारे ‘माझे होते’ म्हणून कवटाळून कसे चालेल?

बारावीच्या आईची वहीही अशीच मांडता येईल. पहाटे पाचला उठवणे, डबा, अडलेल्या विषयाची शिकवणी, त्याच्या तोंडाकडे बघून आज बोलायचे की गप्प बसायचे हे ओळखणे, एवढे तिच्या खात्यावर. गुण मुलाच्या खात्यावर, आणि तेही सगळे नाहीत. प्रश्नपत्रिका काढणारा कोणी वेगळाच असतो. पास झाला तर तिने पेढे वाटावेत, कमी पडले तर रडावे. फक्त ती वही आपल्या नावावर करून घेऊ नये.

मात्र हे सारे तिला रात्री बारा वाजता ऐकवण्यात अर्थ नाही. दुसऱ्याला शहाणपण शिकवायला तत्त्वज्ञान फार सोयीचे पडते, सासवांना तर विशेषच. एपिक्टेटसनेसुद्धा रडणाऱ्यापुढे व्याख्यान द्यायला सांगितलेले नाही. त्याच्याजवळ बसा, चार शब्द बोला, प्रसंगी त्याच्याबरोबर उसासाही टाका, असेच तो म्हणतो. तेव्हा नवऱ्याने ‘मनाला लावून घेऊ नकोस’ म्हणण्याऐवजी उठून दोन कप चहा टाकावा आणि सकाळचा गजर आपल्या उशाशी घ्यावा.